आईची आठवी कवळी

ओळखीपाळखीचे सगळे त्याला बत्तिशी म्हणत, आणि त्यात चिडण्यासारखं काही नाही हे त्यानं फार पूर्वीच मान्य केलं होतं. चौतीस वर्षं तो कवळ्या बनवत होता. शेजारच्या रस्त्यावरचा दातांचा डॉक्टर माणसाच्या जबड्याचं माप घ्यायचा, त्यावरून प्लास्टरचा साचा पाठवायचा. मग बत्तिशी आपल्या घराखालच्या खोलीत खिडकीपाशी बसून त्या साच्यावर मेण चढवायचा, मेणात एकेक दात रोवायचा, हिरड्यांचा गुलाबी रंग जमवायचा आणि शेवटी फिरत्या चाकावर सगळं असं गुळगुळीत करायचा की जिभेला तक्रारीला जागा उरू नये. माणूस समोर आला की लोक आधी डोळ्यांकडे बघतात, हा तोंडाकडे बघायचा. रविवारी चर्चमध्ये मंडळी गायला उभी राहिली की निम्मं गाणं आपल्याच दातांतून बाहेर पडतं, असं तो बायकोला अभिमानानं सांगायचा.

गिऱ्हाइकांच्या जिभा अशा गप्प होत्या. आईची जीभ तेवढी निराळी होती.

आईनं पंचावन्नाव्या वर्षी उरलेसुरले दात एकदमच काढून टाकले होते. "रोज एकाला निरोप देत बसायला मला वेळ नाही," असं ती म्हणाली होती. तेव्हापासून सव्वीस वर्षांत मुलानं तिला आठ कवळ्या करून दिल्या. पहिली ढिली होती. दुसरी घट्ट होती. तिसरीत हसले की घोडी दिसते, असं तिचं म्हणणं पडलं. चौथी सगळ्यात छान बसली, पण 'स्वर्गीय पित्या' म्हणायला गेली की शिट्टी वाजायची आणि प्रार्थनेला बसलेली नातवंडं तोंडात रुमाल कोंबायची. पाचवीपासून पुढे मात्र तक्रार एकच.

"उजवीकडं बोचतंय रे."

तो बोट फिरवून बघायचा, भिंग लावून बघायचा. काही सापडायचं नाही.

"आई, काही नाहीये तिथं."

"तोंड माझं आहे की तुझं?"

तो नवी कवळी करायला घ्यायचा.

इतकं बोचत असूनही कवळी काढून ती कुणासमोर आली नाही. न्हाणीघराची कडी लावून ती कवळी धुवायची आणि लावूनच बाहेर यायची. मोतीबिंदू काढायच्या वेळी नर्सनं कवळी काढायला सांगितली, तेव्हा हिनं खोलीतल्या सगळ्यांना भिंतीकडे तोंड करायला लावलं होतं, डॉक्टरसकट. "तुझे वडील चाळीस वर्षं माझ्याबरोबर राहून गेले, पण माझं बोळकं काही त्यांनी पाहिलं नाही," हे ती एखादं पदक दाखवावं तसं सांगायची.

अशी ही आई एका मंगळवारी सकाळी, एक्याऐंशीव्या वर्षी, खिडकीजवळच्या खुर्चीत बसल्या बसल्या गेली. मांडीवर वर्तमानपत्र होतं आणि शब्दकोडं अर्धं सुटलेलं होतं. सून चहा घेऊन आली तेव्हा चहा गरम होता आणि आई नव्हती.

पुढचे दोन दिवस घरात सगळ्यांना काही ना काही सुचत होतं. बायकोनं फोन केले. धाकटी बहीण आली आणि तिनं खुर्च्या, फुलं, गाड्या सगळं हातात घेतलं. दफनाची व्यवस्था बघणारी माणसं आली, त्यांनी आईला नीट कपडे घातले, केस विंचरले, तोंड हळुवार मिटवलं. बत्तिशीला काहीच सुचत नव्हतं. जन्मभर आधी लोकांच्या तोंडाकडे बघणारा हा माणूस शवपेटीपाशी उभा राहिला, तेव्हा आईच्या बोटांकडे, बाहीच्या बटणाकडे, बुटांकडे बघत राहिला. तोंडाकडे बघायची काही हिंमत झाली नाही. गुरुवारी आईला वडिलांच्या शेजारी पुरलं.

शनिवारी तो न्हाणीघरातली आईची फळी आवरायला गेला. कंगवा, साबणाची डबी, गुडघ्याला लावायचं मलम. त्यामागे एक वाडगा, वर बशी झाकलेली. त्यानं बशी उचलली.

पाण्यात आठवी कवळी होती. वरची आणि खालची. दोन्ही मिळून त्याच्याकडे बघून हसत होत्या.

बत्तिशीची दातखीळच बसली. दिव्याखाली अंधार म्हणतात तो किती गडद असू शकतो, हे त्याला त्या वाडग्यात दिसलं. शहरातल्या निम्म्या म्हाताऱ्यांना दात पुरवणाऱ्या माणसानं स्वतःच्या आईला बिनदातांचं मातीत ठेवलं होतं.

त्यानं ते कुणालाच सांगितलं नाही. रविवारी डोकं दुखतंय म्हणून चर्चला गेला नाही. सोमवारी सकाळी बायको खाली कामाच्या खोलीत आली, तेव्हा तो मेजावर वाडगा ठेवून त्याच्याकडे टक लावून बसला होता.

"अहो, हे काय..." असं म्हणत ती पुढे झाली आणि तिला कळलं. तिनं तोंडावर हात ठेवला. मग तिच्या खांद्यांना हिसके बसायला लागले. रडते आहे असं वाटून तो उठला, तर ती हसत होती, आणि हसू येतंय म्हणून तिलाच मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं.

"मी चहा घेऊन गेले होते," ती डोळे पुसत म्हणाली. "सगळं माझ्यावर येणार बघा. वर गेल्यावर दारातच गाठतील मला. 'सूनबाई, तुझं लक्ष कुठं होतं?'"

"अगं, चेष्टा सुचतेय तुला?"

"चेष्टा नाही हो. त्यांची भीती वाटते अजून."

धाकटीला फोन केला. ती रेल्वेच्या चौकशीच्या खिडकीत बसायची, त्यामुळे कुठल्याही प्रश्नाला दोन वाक्यांत उत्तर द्यायची तिला सवय होती. "दादा, कबर उघडता येते का ते तिथं विचार. येत नसेल तर विषय संपला."

तेव्हा बत्तिशीनं कवळी एका डबीत ठेवली, डबी खिशात घातली आणि तो दफनभूमीच्या कचेरीत गेला.

कचेरी म्हणजे फाटकाजवळची एक खोली. आत एक मेज, एक पंखा आणि चष्मा कपाळावर चढवून बसलेला देखरेख्या. त्यानं सगळं ऐकून घेतलं, ड्रॉवरमधून एक छापील अर्ज काढला आणि पेनचं टोपण दातांनी उघडलं. दात त्याचेच होते, बत्तिशीनं सवयीनं बघितलं.

"कारण?" देखरेख्यानं विचारलं. "इथं तीनच कारणं छापलीत. न्यायालयाचा आदेश, स्थलांतर, किंवा चुकीची व्यक्ती."

"व्यक्ती बरोबर आहे."

"मग चौथं हातानं लिहावं लागेल." त्यानं विचार केला आणि लिहिलं, 'विसरलेलं सामान'. "वस्तूचं वर्णन?"

"कवळी."

"एक नग?"

"दोन. वरची आणि खालची."

"जोडी, असं लिहितो." त्यानं लिहिलं. "तुम्ही दागिना म्हणाल असं वाटलं होतं. मागं एकाचा चष्मा राहिला होता. मुलगा आला होता असाच, डोळ्यांत पाणी. मी म्हटलं, बाबा रे, तिथं वाचायला काय आहे? तर म्हणाला, तसं नाही, चष्म्याशिवाय ते चिडचिड करतात." देखरेख्यानं अर्ज त्याच्याकडे सरकवला. "खाली तुमची सही. शेजारी तुमच्या पाळकांची. त्यांच्या सहीशिवाय फावडं लागत नाही."

पाळकसाहेब चर्चमागच्या खोलीत गीतांच्या फाटक्या पुस्तकांना चिकटपट्टी लावत बसले होते. सत्तरीचे गृहस्थ, बत्तिशीला लहानपणापासून ओळखणारे. त्यांच्या तोंडातली वरची कवळी बत्तिशीच्याच हातची होती, पण हे त्या दोघांना आणि डॉक्टरलाच ठाऊक होतं. त्यांनी अर्ज हातात घेतला, लांब धरला, जवळ धरला.

"'विसरलेलं सामान'," त्यांनी वाचलं. "अरे, गाडीत छत्री राहिली की काय तुझी?"

बत्तिशीनं डबी उघडून मेजावर ठेवली. पाळकसाहेब डबीकडे बघत राहिले.

"हसू नका साहेब," तो म्हणाला. "तुम्हीच आम्हाला शिकवलंत. शेवटच्या दिवशी कर्णा वाजेल, मेलेले उठतील. सगळे एकदम. माझे वडील शेजारच्याच कबरीत आहेत. ते उठून आधी कुणाकडे बघणार? आईकडेच ना? आणि ती सगळ्यांसमोर तोंडावर हात धरून उभी असणार. माझ्यामुळे."

पाळकसाहेबांनी ओठ घट्ट मिटले. खिडकीबाहेर बघितलं. पुस्तकाला आणखी एक पट्टी लावली, ती वाकडी लागली. मग त्यांच्या नाकातून एक आवाज निघाला आणि त्यामागोमाग सगळंच सुटलं. ते इतके हसले की वरची कवळी खाली घसरली आणि त्यांना ती अंगठ्यानं धरावी लागली.

"डावीकडं सैल झालीये," बत्तिशीच्या तोंडून निघून गेलं.

"माहीत आहे," पाळकसाहेब अंगठ्याआडून म्हणाले. "तुला सांगायची लाज वाटत होती."

त्यावर बत्तिशीलाही हसू फुटलं. आठवडाभर अडकलेलं हसू होतं, ते एकटं आलं नाही. हसता हसता कुठल्या वळणावर तो हुंदके द्यायला लागला, हे त्याचं त्यालाही कळलं नाही. पाळकसाहेबांनी पाण्याचा पेला पुढे केला.

"ती कवळी काढूनच का बसली होती, ते मला माहीत आहे," शेवटी बत्तिशी म्हणाला. "गेल्या सोमवारी ती म्हणाली, उजवीकडं बोचतंय रे. मी दमलो होतो. सारखं तेच ऐकून वैतागलोही होतो. म्हटलं, उद्या बघतो. मंगळवारी सकाळी तिला बोचलं असणार. म्हणून काढून ठेवली. नाहीतर तोंडात असती. माझं एक मिनिट हवं होतं साहेब, ते मी दिलं नाही."

पाळकसाहेबांनी लगेच 'तुझा काही दोष नाही' वगैरे म्हटलं नाही.

"उद्या बघतो, हे तू खोटं म्हणालास?"

"नाही. बघणारच होतो."

"मग झालं. ते 'उद्या' अजून शिल्लक आहे. हे मी तुझी समजूत काढायला म्हणत नाही. मी स्वतः त्याच्यावरच जगतो." त्यांनी चिकटपट्टी बाजूला ठेवली. "माझी बायको जाऊन नऊ वर्षं झाली. आमचं एक भांडण अर्धं राहिलंय."

"कशावरून?"

"तुला कशाला चौकशा? तिचं बरोबर होतं एवढं समज. उठल्या उठल्या आधी ती ते पुरं करणार, मग इतर संतांना भेटणार. आणि खरं सांगू? मला त्या भांडणाची ओढ लागली आहे. प्रभूनं मला स्वर्गात काय काय ठेवलंय, मला माहीत नाही. पण तिचं उरलेलं बोलणं ऐकायला मिळणार, एवढ्यावर माझी सकाळ उजाडते."

बत्तिशीनं नाक पुसलं. "पण दातांचं काय?"

"दातांचं." पाळकसाहेब सावरून बसले. "प्रभू कबरीतून उठला तेव्हा त्याच्या मित्रांना पटेना, बरोबर? भूत आलं म्हणून पाचावर धारण बसली. त्यांची भीती घालवायला त्यानं काय केलं? भाषण केलं नाही. विचारलं, खायला आहे का काही? त्यांनी भाजलेला मासा दिला, तो त्यानं त्यांच्या देखत खाल्ला. आता या विषयातला जाणकार तू. सांग, भाजलेला मासा माणूस कशानं खातो?"

बत्तिशीनं प्रामाणिकपणे विचार केला. "ताजा असला तर हिरड्यांनीही जमतं."

"अरे, वाद घालू नकोस!"

"काट्यांना मात्र दात लागतात."

"झालं तर! कबरीतून आलेल्या माणसाला दात होते. तुझी आई त्याचीच. तिला तो उठवील आणि दात द्यायचे विसरेल? विसरणं हे आपलं खातं, त्याचं नव्हे." मग ते हळू आवाजात बोलायला लागले. "आणि आणखी एक. त्याच्या हातापायांवर खिळ्यांच्या खुणा होत्या. मित्रांना दाखवल्या त्यानं. म्हणजे शरीर तेच होतं, ओळखू येणारं. पण त्या जखमा आता दुखत नव्हत्या. तुझी आई तुला ओळखू येईल, अगदी जिभेसकट. फक्त तिला बोचणार नाही."

बाहेर कुणीतरी अंगण झाडत होतं.

"सही हवी असेल तर करतो," पाळकसाहेब म्हणाले आणि त्यांनी खरंच पेन उघडलं. बत्तिशीनं अर्जाची घडी करून शर्टाच्या खिशात ठेवली.

"बघतो," तो म्हणाला. "तुमची कवळी काढा. डावीकडचं आताच घरी नेऊन करून आणतो."

"आता काढू? संध्याकाळी माझी सभा आहे!"

"त्याआधी आणतो."

घरी आल्यावर त्यानं पाळकसाहेबांची कवळी घट्ट केली, पोचवली आणि परत आला. खिडकीतून अजून चांगलं ऊन येत होतं. त्यानं डबी उघडली, आईची खालची कवळी भिंगाखाली धरली. काही दिसलं नाही. बोट फिरवलं, काही लागलं नाही. मग त्यानं आपल्या बोटाकडेच बघितलं. चौतीस वर्षं चाकाशी घासून घासून टणक झालेलं बोट. याला काय कळणार?

दार लोटलेलं आहे याची त्यानं खात्री करून घेतली, कवळी उचलली आणि जिभेचं टोक तिच्या आतल्या कडेवरून सावकाश फिरवलं. डावीकडून सुरुवात केली, मधोमध आला, उजवीकडे वळला.

तिथं होतं. केसाएवढं बारीक, डोळ्याला न दिसणारं. पण होतं. जीभ पुन्हा फिरवली, पुन्हा टोचलं. मग आईच्या जुन्या कवळ्या ठेवलेल्या फळीवरून त्यानं सातवी काढली, सहावी काढली. तिथंच, त्याच जागी. उजवीकडची कड घासताना त्याचा हातच जरासा उचलला जायचा, दर वेळी, वर्षानुवर्षं.

"तुझंच बरोबर होतं गं," तो म्हणाला.

त्यानं चाक चालू केलं. दहा मिनिटांचं काम होतं. कड घासली, गुळगुळीत केली, पुन्हा जीभ लावून बघितली, आणखी थोडी घासली. कुणी गिऱ्हाईक घाईत बाहेर उभं नव्हतं, तरी त्यानं ते काम कुणी वाट बघत असावं तसं मन लावून केलं. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण हात हलला नाही.

अर्जाचं पुढे काही झालं नाही. तो शर्टाच्या खिशातच राहिला, बायकोनं शर्ट धुतला आणि 'विसरलेलं सामान' लगद्याच्या चार गोळ्या होऊन बाहेर आलं. ती घाबरत घाबरत ते दाखवायला आली.

"राहू दे," तो म्हणाला. "मी पाळकसाहेबांना कळवतो."

"काय कळवता?"

"तिला तिथं लागणार नाही म्हणून."

धाकटीला हे सांगितलं, तेव्हा ती फोनवर म्हणाली, "मग खालची मला दे, वरची तू ठेव."

"अगं, जोडी कुणी फोडतं का?"

"आई माझीही होती, दादा." तिचा आवाज एकाएकी लहान मुलीसारखा झाला. चौकशीच्या खिडकीमागे बसून हिनंही काही रडून घेतलं नव्हतं, हे त्याला तेव्हा कळलं. तो फोनवरच तिला माशाची गोष्ट सांगायला लागला, काट्यांसकट. ती आधी हसली, मग बराच वेळ नाक ओढत राहिली, मग म्हणाली, "रविवारी येते. मला खिडकीकडची जागा धर."

रविवारी तिघं एका बाकावर बसली. बत्तिशी मध्ये, बायको उजवीकडे, धाकटी खिडकीकडे. शास्त्रपाठ झाला, प्रवचन झालं. पाळकसाहेब खणखणीत बोलले, एकदाही अंगठा तोंडाकडे गेला नाही. मग मंडळी विश्वासाची कबुली, म्हणजे आपण कशाकशावर विश्वास ठेवतो ते सांगणारं ठरलेलं पठण, म्हणायला उभी राहिली.

ती कबुली बत्तिशी सातव्या वर्षापासून म्हणत आला होता. शाळेतल्या पाढ्यासारखी ती तोंडातून आपोआप निघायची आणि डोकं तेवढ्यात घरी जाऊन यायचं. आजही तशीच निघाली, थेट 'शरीराचं पुनरुत्थान' या शब्दांपर्यंत, म्हणजे मेलेले देहासकट उठतील इथपर्यंत. तिथं तो अडला. शरीर म्हटलंय, त्याच्या मनात आलं. नुसती आठवण नाही, नुसता आत्मा नाही. शरीर! मलम लावायचे गुडघे. कोडं सोडवताना कपाळाला पडणाऱ्या आठ्या. हिरड्या. एवढी मोठी गोष्ट पन्नास वर्षं आपण तोंडातल्या तोंडात गिळत होतो, याचं त्याला इतकं नवल वाटलं की तो तसाच उभा राहिला आणि बाकीची मंडळी त्याला मागे टाकून आमेनपर्यंत पोचलीसुद्धा.

सगळं शांत झालं. तेव्हा बत्तिशी एकटाच, मोठ्यांदा म्हणाला, "शरीराचं पुनरुत्थान."

पुढच्या तीन रांगा मागे वळल्या. पाळकसाहेबांनी त्याच्याकडे बघितलं, पुस्तक मिटता मिटता थांबले, आणि जणू ठरलंच होतं अशा आवाजात पुन्हा एकदा म्हणाले, "आमेन."

बायकोनं कोपर मारलं. "एकटेच काय म्हणताय?"

"माझं राहिलं होतं," तो कुजबुजला.

वाद्य सुरू झालं, मंडळी गायला लागली. त्यानं घाईघाईनं गीतांचं पुस्तक उघडलं, ते भलत्याच पानावर. धाकटीनं खिडकीकडून हात लांबवून पान बरोबर लावून दिलं, आणि तो पहिल्या कडव्याच्या मधूनच, सुराची फारशी पर्वा न करता, गायला लागला.